पांढऱ्या दातांमागची पोकळी : बंड्याच्या बोन ग्राफ्टचा अनुभव

आमच्या घरी बंड्या नावाचा नऊ वर्षांचा डॅशहंड जातीचा कुत्रा आहे. गेल्या आषाढात त्याच्या वरच्या जबड्यातील एका सुळ्याशेजारी कृत्रिम हाडाचे दाणे भरण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बोन ग्राफ्ट, आम्ही मुंबईच्या पश्चिम उपनगरातील एका पशुदंतचिकित्सा दवाखान्यात करून घेतली आणि सहा महिन्यांनी फेरतपासणीही तेथेच झाली. हे दोन्ही टप्पे पुरे होईपर्यंत काही लिहायचे नाही असे मी ठरवले होते, कारण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेला अभिप्राय बहुधा स्वागतकक्षातील खुर्च्यांविषयीचा असतो. दवाखान्याचे नाव येथे देत नाही. मला त्याची जाहिरात करायची नाही आणि ज्या दोन-तीन गोष्टी खटकल्या त्यांची दवंडीही पिटायची नाही. ही सेवा घेताना पैसे कशाचे द्यावे लागतात आणि त्या बदल्यात काय मिळते, एवढेच सांगायचे आहे. विम्याच्या कचेरीत दावे तपासण्यात माझी बत्तीस वर्षे गेली, त्यामुळे कागदावर जे लिहिलेले नसते ते आधी शोधण्याची खोड मला आहे, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे.

सुरुवात शिंकांपासून झाली. आमच्या समोरच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे आणि दिवसभर धूळ उडते, म्हणून बंड्या शिंकू लागला तेव्हा आम्ही धुळीलाच दोष दिला. घराजवळच्या पशुवैद्यांनीही ॲलर्जी असावी असे सांगून गोळ्या दिल्या. गोळ्यांनी शिंका कमी होत आणि औषध संपले की पुन्हा सुरू होत. असे तीनदा झाले. मग एके सकाळी स्वयंपाकघराच्या पांढऱ्या लादीवर शिंकेबरोबर रक्ताचे दोन थेंब पडलेले दिसले आणि रक्त नेमके डाव्या नाकपुडीतून आलेले होते. त्या दिवशी दवाखान्यात नेहमीचे डॉक्टर नव्हते, त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरांनी नाकाकडे न पाहता आधी बंड्याचा वरचा ओठ उचलला, तोंडाचा वास घेतला आणि विचारले, “याच्या दातांचा एक्स-रे कधी काढला आहे का?” आम्ही अभिमानाने सांगितले की त्याचे दात वर्षातून एकदा स्वच्छ करून घेतो. ते खरेही होते. एका ग्रूमिंगच्या दुकानात भूल न देता, हातात धरून, दातांवरचे कीटण खरवडून काढतात; आम्ही ते दोनदा करून घेतले होते आणि दात मोत्यासारखे दिसत होते.

या मोत्यांनीच घात केला. दाताचा जो भाग दिसतो तो खरवडला की तोंड स्वच्छ वाटते, पण रोग हिरडीच्या खाली असतो आणि जागा असलेला कुत्रा तेथे अवजार घालू देत नाही. अमेरिकेतील पशुदंतवैद्यांच्या महाविद्यालयाने, म्हणजे त्या विषयातील तज्ज्ञांच्या मान्यताप्राप्त संस्थेने, भूल न देता केलेल्या अशा सफाईविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. आम्हाला ते कळले तेव्हा उशीर झाला होता. दुकानदारावर मी रागावलो नाही, कारण त्याने जेवढे कबूल केले तेवढे केले होते. दात पांढरे करून दिले.

डॅशहंड जातीत हा आजार एका ठरावीक जागी लपतो, हे दंतचिकित्सा दवाखान्यात पहिल्याच भेटीत समजले. प्रौढ कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि वरच्या सुळ्याचे मूळ हे दिसणाऱ्या सुळ्यापेक्षा बरेच लांब असते. ते मागे वळून जबड्यात शिरते आणि त्याच्या व नाकाच्या पोकळीच्या मध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. लांबट, निमुळत्या तोंडाच्या या जातीत सुळ्याच्या टाळूकडच्या बाजूला हिरडी दातापासून सुटून खोल फट तयार होते. तिला सगळे डॉक्टर पॉकेट म्हणतात, मीही तेच म्हणतो. बाहेरून ओठ उचलून पाहिले तर हिरडी गुलाबी दिसते आणि आत हाड झिजत असते. पापुद्रा फुटला की तोंड आणि नाक यांच्यात आरपार वाट तयार होते, अन्नपाणी नाकात जाते, आणि घरचे लोक समोरच्या इमारतीच्या कंत्राटदाराला शिव्या देत बसतात.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, पण प्रतीक्षाकक्षाची फरशी गुळगुळीत असून आखूड पायांचा, लांब पाठीचा बंड्या त्यावर दोनदा घसरला. पाठीच्या मणक्यांचा त्रास ज्या जातीच्या पाचवीला पुजलेला आहे तिच्यासाठी ही फरशी बरी नव्हे. एक रबरी चटई टाकायला फार खर्च येत नाही. मांजरे आणि कुत्री एकाच खोलीत बसतात, हेही मला पटले नाही. एवढे सोडले तर पहिल्या भेटीविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. डॉक्टर शल्यचिकित्सेत एम.व्ही.एस्सी. झालेल्या आहेत आणि दंतचिकित्सेचे प्रशिक्षण त्यांनी पुढे वेगळे घेतलेले आहे. त्यांनी बंड्याच्या तोंडात पाहिले, चार वाक्ये लिहिली आणि म्हणाल्या, “काका, भूल दिल्याशिवाय आणि एक्स-रे काढल्याशिवाय मी आत्ता जे सांगेन तो अंदाजच असेल. म्हणून तुम्हाला तीन वेगवेगळे खर्च लिहून देते.” एका कागदावर केवळ सफाईचा, दुसऱ्यावर दात काढण्याचा आणि तिसऱ्यावर बोन ग्राफ्टचा खर्च होता, प्रत्येकात भूल, एक्स-रे, रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी वेगळी दाखवली होती. इतकी नेटकी अंदाजपत्रके मी माणसांच्या रुग्णालयांतही क्वचितच पाहिली आहेत. त्यात एक ओळ नव्हती, पण त्याविषयी पुढे.

ग्राफ्टसाठी कोणता पदार्थ चालेल, हे संमतीपत्रावर आधीच विचारलेले होते, आणि या एका रकान्यावरून आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. प्रकार साधारण चार. रुग्णाच्याच शरीरातून घेतलेले हाड हे सर्वांत उत्तम, कारण त्यात हाड तयार करणाऱ्या जिवंत पेशी असतात, परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि मिळते थोडेसेच. दुसरा प्रकार त्याच जातीच्या प्राण्याचे, म्हणजे मृत कुत्र्याचे, प्रक्रिया करून वाळवलेले हाड. अशा हाडातील खनिज काढून टाकून उरलेला भाग स्नायूत ठेवला तर तेथेही नवे हाड तयार होते, असे मार्शल युरिस्ट या अस्थिशल्यचिकित्सकाने 1965 मध्ये दाखवून दिले आणि त्यातूनच पुढे हाडाला वाढीचा इशारा देणारी प्रथिने सापडली. तिसरा प्रकार दुसऱ्या जातीच्या प्राण्याचे हाड, ज्यात बहुतेक वेळा गाईगुरांच्या हाडातील सारे सेंद्रिय द्रव्य काढून उरलेला खनिजाचा सांगाडा असतो. चौथा प्रकार पूर्णपणे कृत्रिम : हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांसारखी कॅल्शियमची संयुगे, किंवा हाडाला चिकटणारी विशिष्ट काच. ती काच लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात तयार केली.

माझी आई शहाऐंशी वर्षांची आहे. तिला हे सगळे मी वाचून दाखवले तेव्हा तिने एवढेच विचारले, “अरे, गाईचं हाड घालणार का त्याच्या तोंडात?” मी म्हणालो की बंड्या स्वतः आयुष्यभर चिकन खात आला आहे. त्यावर ती म्हणाली, “तो खातो ते त्याचं. तू घालणार ते तुझं.” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. डॉक्टरांना हे थोडे ओशाळूनच सांगितले, तर त्या हसल्या नाहीत. अशा प्रकारच्या पॉकेटमध्ये कृत्रिम दाणेही चालतील, मात्र स्वतःच्या हाडाप्रमाणे ते नव्या हाडाला जन्म देत नाहीत, केवळ आधार देतात, असे त्यांनी सांगितले आणि रकान्यात तसे लिहून घेतले. मुंबईत जैन, वैष्णव, सर्वभक्षक असे सर्व प्रकारचे प्राणीपालक त्यांच्याकडे येत असणार. पण न विचारता उपलब्ध असेल ते भरून टाकणेही सोपे होते. विचारले, हे मला महत्त्वाचे वाटते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता बंड्याला उपाशीपोटी नेले. पाऊस धो धो कोसळत होता आणि कुत्रे पाहून दोन टॅक्सीवाल्यांनी नकार दिला, तिसऱ्याने मांडीवर चादर टाकायच्या अटीवर घेतले. नऊ वर्षांच्या कुत्र्याला तीन तास भूल द्यायची या विचाराने आमच्या सौ.ना रात्रभर झोप नव्हती. त्यांची भीती डॉक्टरांनी गोड बोलून घालवली नाही. यंत्रे दाखवून घालवली. भूल वायूची असून ती श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून दिली जाते, नळीभोवतीचा फुगा फुगवल्यामुळे तोंडातील पाणी आणि रक्त फुप्फुसात उतरत नाही, आणि रक्तातील प्राणवायू, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब, हृदयाचा आलेख व शरीराचे तापमान पाहायला एक स्वतंत्र डॉक्टर शेवटपर्यंत बसून असतात. दातावर काम करणारा हात आणि भूल सांभाळणारे डोळे वेगळ्या माणसांचे असावेत. अशी सेवा निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारीन. याशिवाय जबड्याच्या त्या भागातील मज्जातंतूजवळ इंजेक्शन देऊन तो बधिर केला जातो, त्यामुळे वायूची मात्रा कमी पुरते आणि शुद्धीवर येताना वेदनाही कमी असते.

साडेदहाच्या सुमारास मला आत बोलावले. काचेपलीकडे टेबलावर बंड्या गरम हवेच्या पांघरुणाखाली निजलेला होता आणि अलीकडच्या पडद्यावर त्याचे चौदा एक्स-रे मांडलेले होते. आयुष्यात कधी नव्हे इतकी एकाग्रता मी त्या दहा मिनिटांत दाखवली असेन, कारण भूल चालू असताना निर्णय द्यायचा होता. डॉक्टरांच्या हातात मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई, म्हणजे प्रोब, होती. निरोगी कुत्र्यात ती हिरडीच्या कडेने फार तर तीन मिलिमीटर खाली जाते. डाव्या सुळ्याच्या टाळूकडच्या बाजूला ती दहापर्यंत गेली, आणि तेथे सोडलेले सलाइन डाव्या नाकपुडीतून बाहेर आले. सहा महिन्यांच्या शिंकांचे कारण माझ्या डोळ्यांसमोर नाकातून ठिबकत होते. उजव्या सुळ्याला ती सात मिलिमीटर गेली, पण पाणी नाकात आले नाही. खालच्या पटाशीच्या दातांपैकी दोन हलत होते.

माझ्या मनात जे होते ते मी बोलून दाखवले : डावीकडे भोक मोठे आहे, तर तेथे जास्त हाड भरा. सामान्य माणसाला असेच वाटते. आपण दाढेत सिमेंट भरून घेतो, भिंतीतले भोक लांबी भरून बुजवतो, मग जबड्यातले भोक हाडाने का बुजवू नये? डॉक्टरांचे उत्तर मी शक्य तितक्या त्यांच्याच शब्दांत देतो : “डावीकडे मागची भिंतच उरलेली नाही. दाणे टाकले तर ते नाकात पडतील. तिथला दात काढायचा आणि हिरडीचा पडदा ताण न देता ओढून वाट बंद करायची. ग्राफ्ट उजवीकडे करू, कारण तिथे तीन बाजूंनी हाड शाबूत आहे.” आणि पटाशीच्या दातांखाली? तेथे हाड खड्डा पडून नव्हे तर सगळीकडून सारख्या पातळीत खाली गेले होते, ओहोटीला पाणी उतरावे तसे. अशा आडव्या झिजेवर दाणे टिकायला जागाच नसते, म्हणून ते दोन दात काढून टाकणे हाच इलाज.

एका तोंडात तीन जागा, आणि ग्राफ्ट फक्त एकीत. मी तिसऱ्या, सर्वांत महागड्या अंदाजपत्रकावर सही करून बसलो होतो. तिन्ही जागी दाणे भरून तीन कुप्यांचे पैसे लावले असते तरी मला कळले नसते, उलट मी समाधानाने दिले असते. या दवाखान्याविषयी माझे जे काही चांगले मत झाले ते त्या दहा मिनिटांत झाले.

खड्ड्याच्या किती भिंती उरल्या आहेत यावर ग्राफ्टचे भवितव्य ठरते, हे नंतर अधिक समजले. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, तोच दाताला जबड्यात धरून ठेवतो. हाड झिजल्यावर खड्डा नुसता खरवडून सोडून दिला तर चार प्रकारच्या पेशी तेथे धावत येतात, आणि त्या शर्यतीत हिरडीची त्वचा नेहमी पहिली येते. ती मुळाच्या कडेने खाली उतरून जागा बळकावते. हाडाच्या आणि तंतूंच्या पेशी संथ असतात, त्या पोहोचेपर्यंत जागा उरत नाही. ग्राफ्टचे दाणे ही जागा अडवून ठेवतात आणि हाडाला चढायला आधार देतात. आमच्या समोरच्या इमारतीला बांधलेली बांबूची परांची रोज दिसत असल्यामुळे मला हे लगेच पटले. परांची म्हणजे इमारत नव्हे, पण तिच्याशिवाय गवंडी वर चढत नाही. तीन भिंती असलेल्या खड्ड्यात दाणे हलत नाहीत आणि तिन्ही बाजूंनी हाडाच्या पेशी येऊ शकतात. दोन किंवा एकच भिंत असेल तर वर विरघळणारे पातळ आवरण बसवून हिरडीला अडवावे लागते आणि यशाची आशाही उतरत जाते. बंड्याला आवरणाची गरज पडली नाही.

नंतर डॉक्टरांनी फोटो दाखवले. टाळूकडची हिरडी उचलून मुळाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला, खड्ड्यातील सडका मऊ मांसल भाग पूर्ण काढला आणि मग बंड्याच्याच रक्तात कालवलेले दाणे, दिसायला ओल्या रव्यासारखे, चमच्याने बसवले; हाडाच्या कडेपर्यंतच, शीग लावून नव्हे. वर हिरडी ओढून विरघळणारे टाके घातले. पाच मिलिमीटरपर्यंतच्या पॉकेटची सफाई हिरडी न उचलता होऊ शकते, त्याहून खोल असेल तर उचलावीच लागते, असे त्यांनी सांगितले. हे सगळे मी मागितल्यावर दाखवले गेले. एक्स-रेच्या प्रतीही मागितल्यावरच ईमेलने आल्या. त्या न मागता द्यायला हव्यात.

बिलाविषयी. रक्ततपासणी, हृदयाची सोनोग्राफी, भूल, एक्स-रे, तीन दात काढणे, नाकाची वाट बंद करणे आणि ग्राफ्ट धरून एकूण बावन्न हजार चारशे रुपये झाले. त्यात ग्राफ्टच्या कुपीचे साडेचार हजार. कुपी अर्ध्या घन सेंटिमीटरची, माणसांच्या दंतचिकित्सेसाठी बनवलेली होती आणि बंड्याला त्यातील जेमतेम निम्मे दाणे लागले. उरलेले फेकून दिले, कारण उघडलेली कुपी निर्जंतुक राहत नाही, आणि ते योग्यच आहे. एकूण रकमेत हाडाचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. पैसा जातो तो भुलेला, एक्स-रेला आणि डॉक्टरांच्या तीन तासांना. म्हणून “ग्राफ्ट स्वस्तात करून देतो” असे कोणी म्हणाल्यास यांपैकी काय गाळले आहे, हे विचारावे.

आता ती न लिहिलेली ओळ. घरी निघताना मदतनीस मुलीने सांगितले की सहा महिन्यांनी पुन्हा भूल देऊन एक्स-रे काढावा लागेल. हे अंदाजपत्रकात नव्हते, पहिल्या भेटीत कोणी बोलले नव्हते. ग्राफ्ट धरला की नाही हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि मधल्या काळात तेथे प्रोब घालून चालत नाही कारण कोवळी जोडणी फाटते, हे मला मान्य आहे. परंतु ज्या उपचाराचा दुसरा हप्ता अटळ आहे त्याचा खर्च पहिल्या कागदावरच हवा. नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या घरच्यांना दुसरी भूल ही केवळ पैशाची बाब नसते. मी हे डॉक्टरांना सांगितले. त्यांनी चूक मान्य केली, आणि जानेवारीत गेलो तेव्हा छापील अंदाजपत्रकात फेरतपासणीचा रकाना आलेला दिसला.

घरी दिलेला सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत होता. बंड्याला दिवसा सांभाळते ती माझी आई, तिच्यासाठी तो मला मराठीत लिहून काढावा लागला. दोन आठवडे मऊ अन्न, म्हणजे आमच्याकडे मिक्सरमधून काढलेला चिकन-भात. हाड, चघळायच्या काड्या आणि दोरीची ओढाओढ सहा आठवडे बंद. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅमचे थेंब वजनानुसार आणि अन्नाबरोबर. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत हे ठळक छापले होते, आणि ते ठळकच हवे, कारण आयबुप्रोफेनसारखी घरोघरी असणारी गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. तिसऱ्या दिवशी डाव्या गालावर सूज वाटली म्हणून रात्री दहाला फोटो पाठवला, तर वीस मिनिटांत डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. सूज टाक्यांची होती, उतरली. शिंका नवव्या दिवसापासून थांबल्या आणि त्यानंतर आल्या नाहीत.

दोन आठवड्यांनी दात घासायला सुरुवात केली. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा घासणे म्हणजे न घासणेच. ग्राफ्ट करण्यापूर्वी डॉक्टरांनी मला तीनदा विचारले होते की रोज घासाल का, आणि नसेल जमत तर दात काढून टाकणे अधिक प्रामाणिक, कारण दात नसलेला कुत्रा सुखाने जेवतो, पण कुजणारा दात असलेला कुत्रा निमूटपणे दुखणे सोसतो. माणसांची टूथपेस्ट वापरायची नाही; कुत्रा ती गिळतो, तिच्यातील फ्लोराइड त्याला सोसत नाही, आणि तिच्यात झायलिटॉल असेल तर ते त्याच्यासाठी विष आहे. आईने मीठ-हळद सुचवली होती, तिलाही नकार मिळाला. शेवटी चिकनच्या चवीची कुत्र्यांची पेस्ट आणली. पहिले आठ दिवस बंड्याने ब्रशच चावला, आता रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या की तो स्वतः येऊन माझ्या पायाशी बसतो.

जानेवारीत दुसऱ्यांदा भूल दिली, या वेळी अर्धा तास, खर्च साडेतेरा हजार. उजव्या सुळ्याचे पॉकेट सातवरून तीन मिलिमीटरवर आले होते आणि एक्स-रेत जेथे काळी फट होती तेथे पांढरट भाग दिसत होता. मी अभिनंदनाच्या तयारीत होतो, पण डॉक्टरांनीच मला आवरले. कृत्रिम दाणेही एक्स-रेत पांढरेच दिसतात, त्यामुळे जे दिसते आहे ते सगळे नवे हाड आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि दाताला धरणारे तंतू पुन्हा जोडले गेले आहेत का, की हिरडीच वरून घट्ट बसली आहे, हे केवळ त्या जागेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळेल, जे करण्याचे काही कारण नाही. दात हलत नाही, हिरडीतून रक्त येत नाही, प्रोब तीनवर थांबतो, इतके खात्रीने सांगता येते आणि तेवढ्यावर समाधान मानायचे. कागदावरही त्यांनी “हाड भरून आले” असे न लिहिता “पॉकेट कमी झाले, दात स्थिर” असेच लिहिले. दावे तपासणाऱ्या माणसाला असा शेरा वाचून बरे वाटते.

डावीकडे सुळा नसल्याने बंड्याचा वरचा ओठ कधीकधी खालच्या सुळ्यावर अडकतो आणि तो किंचित हसल्यासारखा दिसतो. याची कल्पनाही आधी दिली होती. पुढील सफाई येत्या जानेवारीत आहे. प्रतीक्षाकक्षात अजून चटई टाकलेली नाही, म्हणून आम्ही घरून आमची नेतो.